पाहुणा तारा

ईदचा चांद पाहण्यासाठी संध्याकाळी गच्चीवर जमलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही त्यांच्यात असाल. सूर्य मावळतो, पश्चिमेचे आकाश तांबूस होते आणि सर्वांचे डोळे एकाच जागी खिळतात. चांद दिसला की एकच गलका होतो. आपण हे वर्षातून दोन-चार वेळा करतो. पण काही माणसांचे कामच रोज रात्री आकाश न्याहाळण्याचे असते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी चीनच्या बादशहाच्या दरबारात अशी माणसे नोकरीला होती. रात्रभर जागायचे, आकाशात काही वेगळे दिसले तर ते कोणत्या दिवशी आणि कोठे दिसले हे लिहून ठेवायचे, हे त्यांचे काम.

४ जुलै १०५४ रोजी पहाटे या माणसांना पूर्वेच्या आकाशात एक नवाच तारा दिसला. आदल्या दिवसापर्यंत त्या जागी काहीच नव्हते. तारा इतका तेजस्वी होता की सूर्य उगवल्यावरही तो मावळला नाही. तब्बल २३ दिवस तो भर दिवसा दिसत राहिला. त्याचे तेज शुक्रासारखे होते, त्याच्या चारही बाजूंना किरण पसरलेले होते आणि त्याचा रंग तांबूस पांढरा होता, असे त्यांनी नोंदवले. पुढे तो हळूहळू मंद होत गेला. रात्रीच्या वेळी मात्र तो एप्रिल १०५६ पर्यंत दिसत होता. मग तो नाहीसा झाला. आला, थोडे दिवस राहिला आणि गेला; म्हणून चिनी लोकांनी त्याला 'पाहुणा तारा' असे नाव दिले.

आता गंमत पाहा. चिनी लोकांना वाटले, हा नवा तारा. खरे तर तो मुळीच नवा नव्हता. तो एक जुना तारा होता आणि त्यांनी पाहिला तो त्याचा शेवट. तो तारा फुटला होता. अशा फुटणाऱ्या ताऱ्याला मराठीत 'अतिनवतारा' म्हणतात. इंग्रजीतला 'सुपरनोव्हा' हा शब्दही तुमच्या कानावर आला असेल. दोन्ही शब्दांत 'नवा' हा अर्थ आहे. म्हणजे जुनी समजूत नावात तशीच राहून गेली.

हा पाहुणा फक्त चिनी लोकांनीच पाहिला का? नाही. बगदादचे एक हकीम होते, इब्न बुतलान. ते त्या काळात कैरो आणि कॉन्स्टँटिनोपल या शहरांत राहत होते. हिजरी सन ४४६ मध्ये मिथुन राशीत एक विलक्षण तारा उगवला आणि त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलमध्ये मोठी साथ आली, असे त्यांनी लिहून ठेवले. पुढे तेराव्या शतकात दमास्कसचे हकीम इब्न अबी उसैबिया यांनी नामांकित हकिमांच्या चरित्रांचा एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात ही नोंद उतरवून घेतली. अनेक शतके ती तेथे पडून होती. १९७८ साली संशोधकांनी ती पुन्हा शोधून काढली आणि ती चिनी नोंदीशी ताडून पाहिली. हिजरी ४४६ हे वर्ष एप्रिल १०५४ मध्ये सुरू झाले होते. दोन्ही नोंदी जुळल्या.

ताऱ्यामुळे साथ येत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पण इब्न बुतलान यांना साथीची काळजी होती, म्हणूनच त्यांनी ताऱ्याची नोंद केली. त्यांचा तर्क चुकला, नोंद मात्र कामी आली.

याच्याही ४८ वर्षे आधी, १००६ साली, आणखी एक पाहुणा येऊन गेला होता. माणसाने पाहिलेल्या आणि नोंदवलेल्या अतिनवताऱ्यांत तो सर्वांत तेजस्वी. कैरोचे हकीम अली इब्न रिझवान यांनी तो तरुणपणी पाहिला होता. तो शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा दिसत होता आणि त्याचा प्रकाश चंद्राच्या प्रकाशाच्या एक चतुर्थांशाहून थोडा अधिक होता, असे ते सांगतात. त्यांनी आणखी एक शहाणपणाचे काम केले. त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि ग्रह कोणकोणत्या राशींत होते, तेही त्यांनी लिहिले. त्यामुळे आजच्या शास्त्रज्ञांना तो दिवस गणिताने अचूक काढता आला. थोर हकीम इब्न सिना यांच्या 'अश-शिफा' या ग्रंथातही या ताऱ्याचा उल्लेख आहे, असे जर्मनीतील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. तो तारा जवळजवळ तीन महिने दिसला, ठिणग्या उडवल्यासारखा चमकत होता आणि नंतर पांढरट होत होत नाहीसा झाला, असे त्यात म्हटले आहे.

पाहुणा गेला. पण तो मागे काही ठेवून गेला का?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळजवळ नऊशे वर्षे लागली. १७३१ साली इंग्लंडमधील जॉन बेव्हिस या हौशी खगोलप्रेमीला दुर्बिणीतून वृषभ राशीत एक अंधूक ढगासारखा ठिपका दिसला. १७५८ साली फ्रान्समधील शार्ल मेसिए यालाही तो दिसला. मेसिएला धूमकेतू शोधण्याचा छंद होता. हा ठिपका त्याला प्रथम धूमकेतूच वाटला. पण धूमकेतू जागा बदलतो आणि हा तर हलेना! अशा फसव्या ठिपक्यांमुळे पुन्हा फसगत होऊ नये, म्हणून त्याने त्यांची एक यादीच करायला घेतली. त्या यादीत हा ठिपका पहिल्या क्रमांकावर आहे.

पुढे आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी आपल्या दुर्बिणीतून पाहून या ठिपक्याचे चित्र काढले. ते १८४४ साली प्रसिद्ध झाले. चित्रात ढगाला पायांसारखे फाटे फुटलेले होते. लोकांना त्यात खेकडा दिसला आणि 'क्रॅब', म्हणजे खेकडा, हे नाव पडले. पुढे रॉस यांनी त्याहून मोठी दुर्बीण बांधली. तिच्यातून पाहिले तर खेकडा कोठेच दिसेना! पण नाव एकदा चिकटले ते चिकटलेच. मराठीत आपण त्याला 'खेकडा तेजोमेघ' म्हणू. उर्दूत तेजोमेघाला 'सहाबिया' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल.

छायाचित्रे काढण्याची कला आल्यावर खरा उलगडा झाला. १९२१ साली अमेरिकेतील जॉन डंकन यांनी या तेजोमेघाची दोन छायाचित्रे शेजारी ठेवून तपासली. ती साडेअकरा वर्षांच्या अंतराने काढलेली होती. दुसऱ्या छायाचित्रात ढगातील धागे केंद्रापासून किंचित दूर सरकलेले होते. म्हणजे ढग पसरत होता. मग हिशेब सोपा आहे. एखादी आगगाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे आणि ती आता स्थानकापासून १०० किलोमीटरवर आहे, तर ती किती तासांपूर्वी निघाली? तुम्ही लगेच सांगाल, दोन तासांपूर्वी. तसाच हिशेब या ढगाला लावला. उत्तर आले, सुमारे नऊशे वर्षे. नऊशे वर्षांपूर्वी त्या जागी काय झाले होते? एडविन हबल यांनी १९२८ साली चिनी पाहुण्या ताऱ्याकडे बोट दाखवले. पुढे डच विद्वान डायव्हेंडाक यांनी आणखी जुन्या चिनी नोंदी शोधल्या आणि १९४२ साली याविषयी शंका उरली नाही.

जरा विचार करा. चीनमधील त्या माणसांनी कंटाळा करून 'लिहून काय करायचे' असे म्हटले असते तर? ढग दिसला असता, पण त्याचा जन्मदिवस कोणालाही कळला नसता. आकाशातील इतक्या जुन्या घटनेची तारीख माहीत असणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

तारीख म्हटली तरी ती आपल्या पृथ्वीवरची. हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. या वेगाने तो एका वर्षात जेवढे अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष. ते साडेनऊ लाख कोटी किलोमीटरांच्या जवळपास भरते. म्हणजे १०५४ साली चिनी लोकांना जो प्रकाश दिसला, तो तेथून साडेसहा हजार वर्षे आधी निघालेला होता. एखाद्याचे पत्र फार उशिरा हाती पडावे, तशी ही बातमी आपल्यापर्यंत आली. आज तो ढग सुमारे ११ प्रकाशवर्षे रुंद आहे आणि सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर या वेगाने अजूनही पसरत आहे.

आता, तारा फुटतो कशामुळे ते पाहू.

प्रत्येक ताऱ्यात दोन शक्तींची रस्सीखेच चाललेली असते. गुरुत्वाकर्षण ताऱ्यातील सगळा वायू आत ओढत असते. ताऱ्याच्या पोटातील उष्णता तोच वायू बाहेर ढकलत असते. जोपर्यंत दोघांचा जोर सारखा, तोपर्यंत तारा शांत असतो. आपला सूर्य असाच शांत आहे. ही उष्णता येते कोठून? ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू एकमेकांना जोडले जाऊन हेलियम तयार होतो आणि त्यातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. याला आपण सोयीसाठी 'जळणे' म्हणतो. पण हे चुलीतल्या लाकडासारखे जळणे नव्हे.

सूर्याच्या आठ पटींहून जड असलेले तारे मात्र उधळ्या श्रीमंतासारखे असतात. त्यांच्याजवळ इंधन पुष्कळ, पण ते संपवण्याची घाई त्याहून अधिक. हायड्रोजन संपला की हेलियम जळतो. त्यातून कार्बन आणि ऑक्सिजन होतात. मग तेही जळतात. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा लवकर आटोपतो. पहिला टप्पा लाखो-कोटी वर्षे चालतो, तर शेवटचा जेमतेम काही दिवस! शेवटी ताऱ्याच्या पोटात लोखंड जमते. आणि येथेच घात होतो. लाकूड जळून राख उरते, पण राख काही पुन्हा जळत नाही. लोखंड ही ताऱ्याच्या पोटातील राख आहे. त्यातून ऊर्जा मिळत नाही. बाहेर ढकलणारा गडी दमला. आत ओढणारा गडी मात्र दमत नाही. मग पृथ्वीएवढा मोठा लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि वीसेक किलोमीटर रुंदीचा एक गोळा होतो. या कोसळण्यातून सुटणारी ऊर्जा ताऱ्याचे बाहेरचे सगळे थर अवकाशात उडवून देते. हाच तो स्फोट.

गाभा किती जड झाला म्हणजे स्वतःचा भार सहन करू शकत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांचा जन्म १९१० साली लाहोर येथे झाला. शिक्षण मद्रासला झाले. १९३० साली ते पुढील शिक्षणासाठी मुंबईहून जहाजाने इंग्लंडला निघाले. जहाजावर वेळच वेळ होता. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन विझलेल्या ताऱ्यांचे गणित मांडले. उत्तर असे आले, की अशा ताऱ्याच्या वजनाला एक मर्यादा आहे. पुढे त्यांनी ती सूर्याच्या सुमारे १.४ पट अशी नक्की केली. तिच्यापलीकडे तारा टिकत नाही, तो कोसळतोच. १९३५ साली लंडनमध्ये त्यांनी हे विद्वानांपुढे मांडले, तेव्हा आर्थर एडिंग्टन या फार मोठ्या शास्त्रज्ञाने भर सभेत त्यांची थट्टा केली. सभेत हशा पिकला. चंद्रशेखर आपल्या गणितावर ठाम राहिले, भांडत मात्र बसले नाहीत. त्यांनी आपले काम पुस्तकरूपाने लिहिले आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. गणित बरोबर होते. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांतून आकाश पाहणारी एक वेधशाळा १९९९ साली अवकाशात सोडण्यात आली. तिला त्यांचेच नाव दिले आहे, 'चंद्रा'.

तो वीस किलोमीटरचा गोळा म्हणजेच न्यूट्रॉन तारा. फुटलेल्या ताऱ्याचा हा सर्वांत चमत्कारिक अवशेष. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून घाटकोपरपर्यंत लोकलने जा. त्या अंतरात हा अख्खा तारा मावेल. पण त्यातील पदार्थ मात्र आपल्या संपूर्ण सूर्याहून अधिक! त्यामुळे तो इतका घट्ट दाबलेला असतो की त्यातला साखरेच्या खड्याएवढा तुकडा पृथ्वीवर आणता आला, तर त्याचे वजन कित्येक कोटी टन भरेल. अर्थात तो आणता येणार नाही, हे बरेच आहे.

असे तारे असावेत, असा तर्क वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ सालीच केला होता. पण त्यांवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. इतका लहान तारा दिसणार तरी कसा?

तो दिसला नाही, 'ऐकू' आला. जोसेलिन बेल ही उत्तर आयर्लंडमधील मुलगी. तिच्या शाळेत सुरुवातीला मुलांना विज्ञान आणि मुलींना स्वयंपाक शिकवायला बसवले गेले. तिच्या आईवडिलांनी तक्रार केली, तेव्हा तिला विज्ञानाच्या वर्गात जागा मिळाली. पुढे ती केंब्रिज येथे संशोधन करू लागली. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी तेथे मोकळ्या मैदानात खांब रोवून तारा ताणल्या होत्या. खांब ठोकण्याचे कामही तिने केले होते. यंत्रातून रोज सुमारे ३० मीटर कागद बाहेर पडे आणि त्यावरची शाईची नागमोडी रेघ तिला डोळ्यांनी तपासावी लागे. १९६७ साली तिला त्या रेघेत एक विचित्र खूण दिसली. चारशे फूट कागदात जेमतेम पाव इंच जागा! दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती. तिने सोडली नाही. कागद वेगाने फिरवून पाहिले, तेव्हा दर १.३३ सेकंदांनी एक, अशी घड्याळासारखी टिकटिक उमटली. हे परग्रहावरच्या प्राण्यांचे संदेश तर नव्हेत ना, अशी शंका काही काळ त्यांच्या मनात आली. पण आकाशाच्या दुसऱ्या भागातही अशीच टिकटिक सापडली आणि ती शंका मिटली. या ताऱ्यांना 'पल्सार' किंवा 'स्पंदक' म्हणतात. १९७४ साली या शोधासाठी नोबेल पारितोषिक दिले गेले. ते तिच्या मार्गदर्शकांना मिळाले, तिला नाही. हे अनेकांना खटकले, आणि खटकण्यासारखेच आहे. २०१८ साली तिला ३० लाख डॉलरचा एक मोठा पुरस्कार मिळाला. ती सगळी रक्कम तिने संधी न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी देऊन टाकली.

१९६८ साली खेकडा तेजोमेघाच्या मध्यभागीही एक स्पंदक सापडला. तो सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो. इतका वेग कशामुळे? फिरत्या खुर्चीवर बसून, दोन्ही हातांत जड पुस्तके धरून, हात पसरून गिरकी घ्या. मग हात एकदम छातीशी आणा. तुमचा वेग वाढेल. पृथ्वीएवढा गाभा आक्रसून वीस किलोमीटरचा झाला की त्याचा वेग किती वाढेल, याची कल्पना करा. या ताऱ्यातून प्रकाशाचे आणि रेडिओ लहरींचे झोत निघतात. समुद्रातील दीपगृहाचा झोत फिरत फिरत आपल्यावरून गेला की आपल्याला क्षणभर उजेड दिसतो. तसाच हा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. तारा लुकलुकत नसतो, फिरत असतो. या फिरण्याची शक्तीच सगळ्या तेजोमेघाला उजळवते. म्हणून नऊशे वर्षांनंतरही तो ढग सूर्याच्या हजारो पट तेज बाहेर टाकत आहे. ही शक्ती फुकट मिळत नाही. त्या ताऱ्याची फिरकी रोज अगदी थोडी, सेकंदाच्या सुमारे ३८ अब्जांशाने, लांबते.

सगळेच तारे असा गोळा मागे ठेवत नाहीत. फार जड ताऱ्याचा गाभा कोसळत कोसळत कृष्णविवर होतो. १००६ सालचा पाहुणा तर वेगळ्याच जातीचा होता. तो विझत आलेला लहान श्वेत बटू तारा होता. असा तारा फुटतो तेव्हा त्याचा गाभाही शिल्लक राहत नाही. तेथे आज फक्त पसरत जाणारे एक पोकळ कवच दिसते.

आणि ढगाचे काय होते? तो हजारो वर्षे पसरत राहतो, विरळ होतो आणि शेवटी ताऱ्यांमधल्या वायूत मिसळून जातो. हंस तारकासमूहात असा एक फार जुना अवशेष आहे. स्फोटाला दहा हजारांहून अधिक वर्षे झाली आहेत. आता तेथे फाटलेल्या ओढणीसारखे काही तलम धागे तेवढे उरले आहेत.

पण हा वायू वाया जात नाही. तो इतर ढगांत मिसळतो आणि त्यांतून पुन्हा नवे तारे, नवे ग्रह तयार होतात. आपली पृथ्वी अशाच ढगातून बनली. तुम्ही आता श्वास घेतला, त्यातला ऑक्सिजन बहुतेक सगळा मोठ्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालेला आहे. दातांतले कॅल्शियम, रक्ताला लाल रंग देणारे लोखंड, तव्याचे लोखंड, हे सगळे फुटलेल्या ताऱ्यांनी अवकाशात उधळलेले आहे. आईच्या बांगडीतल्या सोन्याची कथा आणखी निराळी. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळले की सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी शास्त्रज्ञांनी अशी एक टक्कर प्रत्यक्ष टिपली. ती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर झाली होती. त्या टकरीने अवकाशात उठलेल्या लहरी 'लायगो' नावाच्या यंत्रांनी पकडल्या. असेच एक यंत्र आपल्या राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्याला भारत सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे.

स्पंदकांचा अभ्यासही महाराष्ट्रात होतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद नावाचे गाव आहे. तेथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ३० प्रचंड रेडिओ दुर्बिणी उभारल्या आहेत. प्रत्येक थाळी ४५ मीटर रुंद आहे. नाशिक रस्त्याने जाताना त्यांतल्या काही दुरूनही दिसतात. फुटलेल्या ताऱ्यांचे ढग आणि त्यांतले स्पंदक तेथून रात्रंदिवस ऐकले जातात. रेडिओ लहरींना दिवसाचा उजेड आड येत नाही.

खेकडा तेजोमेघाची जागा तुम्हांला स्वतः शोधता येईल. जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास डोक्यावर पाहा. ताऱ्यांचा एक छोटा झुबका दिसेल. ती कृत्तिका. अरबीत आणि उर्दूत तिलाच 'सुरैया' म्हणतात. तुमच्या ओळखीत या नावाची एखादी मुलगी असेलच. सुरैयाच्या मागोमाग एक लालसर तारा येतो. ती रोहिणी. तिचे अरबी नाव 'अद-दबरान', म्हणजे 'मागून येणारा'. हा वृषभाचा, तुमच्या 'सौर' बुर्जातील बैलाचा, डोळा आहे. तेथून बैलाची दोन शिंगे पूर्वेकडे निघतात. दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला जो तारा आहे, त्याच्या अगदी जवळ तो तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. शहराच्या दिव्यांपासून दूर, अंधाऱ्या गावी, चांगल्या द्विनेत्रीतून एक फिकट धूसर ठिपका दिसतो. चित्रातले रंग आणि धागे दिसतील अशी आशा मात्र धरू नका. ते मोठ्या दुर्बिणींचे काम आहे.

असा पाहुणा पुन्हा कधी येईल? आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी एक तारा फुटलेला दिसला, पण तो आपल्या शेजारच्या लहान आकाशगंगेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर होता. त्याच्या ढगात न्यूट्रॉन तारा दडलेला असल्याचा भक्कम पुरावा २०२४ साली जेम्स वेब या अवकाश-दुर्बिणीने दिला.

मृग नक्षत्रातील काक्षी हा लाल तारा कधीतरी फुटणार, हे नक्की आहे. तो सूर्याच्या दहा पटींहून जड आहे. २०१९ च्या अखेरीस तो अचानक मंद होऊ लागला, तेव्हा जगभरच्या लोकांनी दुर्बिणी त्याच्याकडे वळवल्या. आता फुटेल, मग फुटेल, असे सर्वांना वाटत होते. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो मंद होत गेला. पण शास्त्रज्ञांचा हिशेब असा, की त्याला फुटायला बहुधा आणखी एक लाख वर्षे तरी आहेत. मंदपणाचे कारण साधे निघाले. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धुळीचा एक ढग तयार झाला होता आणि तो आपल्या नजरेच्या आड आला होता. ढग विरला आणि त्याच वर्षी एप्रिलपर्यंत काक्षी पुन्हा पूर्वीसारखा उजळला.